वर्षभर काही केलेलं नाही, सबब…

वैद्यकीय प्रवेशासाठीची नीट परीक्षा मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी दोनला सुरू होते आणि पाचला संपते. निकाल जूनमध्ये लागतो. प्रवेशाच्या फेऱ्या पुढे पावसाळाभर चालतात आणि शेवटच्या उरल्यासुरल्या जागा भरेपर्यंत दुकानांत आकाशकंदील लागलेले असतात. म्हणजे जागा हुकली तर पुढचं वर्ष कसं घालवायचं याचा शांतपणे विचार करायला चांगले चार-पाच महिने हाताशी आहेत, असं एखाद्या परक्या माणसाला वाटेल. प्रत्यक्षात हा निर्णय त्याच रविवारी रात्री, पानं वाढायच्या आत होऊन गेलेला असतो. क्लासवाल्यांच्या उत्तरसूची संध्याकाळीच मोबाइलवर येऊन पडतात. मुलगा घरी आणलेल्या प्रश्नपत्रिकेवरच्या खुणा ताडून पाहतो आणि वडील शेजारी कॅल्क्युलेटर घेऊन बसतात. बरोबरला चार, चुकीला वजा एक. आकडा हाती आला की वडील तो पुन्हा मोजतात, कारण पहिल्यांदा मोजताना आपलंच काहीतरी चुकलं असावं असं त्यांना मनापासून वाटत असतं. दुसऱ्यांदाही तोच आकडा आला की घरात ‘रिपीट’ हा शब्द उच्चारला जातो, आणि बहुतेक वेळा तो उच्चारणारा माणूस परीक्षेला बसलेला नसतो. सोमवारी सकाळी मामाचा फोन येतो, “एका वर्षानं काय होतंय?” मामाचं काहीच होत नाही, हे खरंच आहे. निकाल लागेपर्यंत रिपीटर बॅचचा पहिला हप्ता भरून झालेला असतो आणि मुलाच्या पाठीवर क्लासचं नाव छापलेली नवी बॅग आलेली असते.

यानंतर घरात जी चर्चा होते ती हिरिरीची असते, पण ती सगळी ठिकाणाची असते. लातूर, कोटा की आपलं आहे तेच गाव? लातूर असेल तर ट्यूशन एरियातच खोली, की जरा लांब आणि स्वस्त? मेस की डबा? फिजिक्सला हे सर की ते सर? लातूरकरांनी या बाबतीत महाराष्ट्राची मोठी सोय केली आहे. राजर्षी शाहू, दयानंद अशा महाविद्यालयांनी सराव चाचण्यांचा रतीब घालून जो ‘लातूर पॅटर्न’ नावारूपाला आणला, त्याच्या भोवती आता खोल्या, मेस, अभ्यासिका आणि झेरॉक्सची दुकानं मिळून एक अख्खी वस्ती उभी आहे. २०१६ च्या दुष्काळात या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पाणी रेल्वेनं आलं, मुलं नेहमीप्रमाणे एस.टी.नं आली. तर ठिकाण ठरतं, सर ठरतात, डब्यात पोळ्या किती हेही ठरतं. फक्त वर्षाचं काय करायचं हे कुणी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. सकाळी सहा ते रात्री अकरा अभ्यास, मधे जेवण, रविवारी टेस्ट. माझं म्हणणं असं की हे उत्तर चुकीचं आहे. मुलाच्या सुखासाठी म्हणून चुकीचं आहे असं मी म्हणत नाही, कारण मुलाचं सुख हा विषय ॲडमिशन झाल्यावर घ्यायचा असतो हे आपल्याकडे ठरलेलं आहे. ते गुणांच्याच हिशेबानं चुकीचं आहे. आठवड्यातल्या दोन सकाळी या मुलानं पुस्तक मिटून आजारी माणसं जमतात अशा एखाद्या जागी काढल्या, तर त्याचा नंबर खाली जाणार नाही, आणि आपण नेमके कशाच्या रांगेत उभे आहोत हे तरी त्याला कळेल.

आपल्या व्यवस्थेला मात्र हे मान्य नाही, आणि तसं ती लेखी घेते. मधे वर्ष गेलेल्या मुलाला प्रवेशाच्या कागदपत्रांत गॅप सर्टिफिकेट लावावं लागतं. नाव सर्टिफिकेट असलं तरी ते कुणी देत नाही, आपलं आपणच करायचं असतं. तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेल्या माणसाकडे मजकूर तयारच असतो, त्यात फक्त नाव आणि साल बदलायचं. मधल्या काळात मी कुठेही प्रवेश घेतला नाही, कुठलाही अभ्यासक्रम केला नाही आणि काही गैरही केलं नाही, असं अठरा वर्षांचा मुलगा प्रतिज्ञेवर सांगतो आणि नोटरी त्यावर शिक्का मारतात. वर्षभरात आपल्या हातून काहीही घडलं नाही हे शपथेवर सिद्ध करून पुढच्या पायरीवर जाण्याची सोय फार थोड्या व्यवसायांत आहे. धोरणी पालक या कागदाच्या भानगडीत पडत नाहीत. ते मुलाचं बी.एस्सी.ला नाव घालून ठेवतात, म्हणजे गॅप दिसत नाही. तो मुलगा त्या कॉलेजाचं फाटक दोनदाच पाहतो. एकदा मूळ कागदपत्रं द्यायला जातो आणि एकदा ती परत मागायला. दुसऱ्या खेपेला त्याला आपला विभाग कुठल्या मजल्यावर आहे हे शिपायाला विचारावं लागतं. एका मुलाचं वर्ष कागदावर कोरं असतं आणि दुसऱ्याचं कागदावर भरगच्च. प्रत्यक्षात दोघंही एकाच अभ्यासिकेत शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसलेले असतात.

आता आपल्यातल्याच कुणाची तरी न्यू जर्सीतली भाची घ्या. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण चार वर्षांच्या पदवीनंतर सुरू होतं, आणि तिथं प्रवेश घेणाऱ्यांतल्या बहुसंख्य मुलांनी मधे निदान एक वर्ष घेतलेलं असतं. तिथल्या सामाईक अर्जात तुम्ही आजवर काय काय केलंत हे सांगायला पंधरा नोंदींची जागा असते आणि त्यातल्या कुठल्या तीन सगळ्यांत मोलाच्या वाटल्या तेही सांगायचं असतं. त्यामुळे जागा हुकलेली भाची एखाद्या डॉक्टरांच्या मागे लॅपटॉप घेऊन नोंदी टिपत फिरते, रुग्णवाहिकेवर काम करते, मरणाच्या दारातल्या म्हाताऱ्यांना पेपर वाचून दाखवते. इकडे सांगली-सोलापुरातले नातेवाईक बुचकळ्यात पडतात. “सगळं खरं, पण पोरगी पास झाली का नापास, ते सांगा.” तिकडचं सगळं आदर्श आहे असं मात्र कुणी समजू नये. जे अर्जात लिहायचं ते मोजायचं, हा नियम लागू झाला की माणुसकीचेही तास मोजले जातात. अमुक इतके तास करुणा, तमुक इतके तास नेतृत्व. दोन देशांच्या परीक्षांतही एक गमतीचा फरक आहे. तिकडच्या एमकॅट या प्रवेश परीक्षेत कमीत कमी गुण ४७२ असतात, म्हणजे काही न येणाऱ्याच्या पदरातही चारशे बहात्तर पडतात. आपल्याकडे एकशे ऐंशीच्या एकशे ऐंशी प्रश्नांना चुकीचं उत्तर देणाऱ्याला वजा १८० मिळतात. तिकडे अज्ञानाला मानधन मिळतं, इकडे त्याला दंड होतो. मी इथं अमेरिकेचा अर्ज आयात करा असं म्हणत नाही. तो आणला तर सहा महिन्यांच्या आत लातुरात ‘करुणा क्रॅश कोर्स’ निघेल आणि त्याचीही रविवारी टेस्ट असेल.

मुद्दा गुणांचा आहे, तेव्हा गुणांचाच हिशेब करू. नीट ७२० गुणांची. प्रश्न १८०, त्यातले ९० जीवशास्त्राचे, आणि ते मुख्यतः एनसीईआरटीच्या अकरावी-बारावीच्या दोन पुस्तकांतून येतात. अभ्यासक्रम कमी केल्यानंतर त्या दोन पुस्तकांत मिळून बत्तीस धडे उरले आहेत. रिपीटरनं ते आधी दोन वर्षं वाचलेले असतात. बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे असतात हे त्याला ठाऊक आहे, त्याच्या आईला ठाऊक आहे आणि आता डबा देणाऱ्या मावशींनाही ठाऊक झालं आहे. तेव्हा तिसऱ्या वर्षी रोज चौदा तास वाचून त्या कप्प्यांत चौथा निघणार नाही. मग गुण कशात जातात? २०२४ आणि २०२५ ही दोन वर्षं शेजारी ठेवून पाहा. २०२४ च्या निकालात आधी ६७ जणांना ७२० पैकी ७२० मिळाले. त्यावरून रान उठलं, वाढीव गुण काढले गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि सुधारित निकालात पूर्ण गुणवाले सतरा उरले. त्या वर्षी खुल्या गटातल्या मुलाला सहाशे गुण पडले तरी सरकारी एमबीबीएसची आशा सोडावी लागत होती. पुढच्या वर्षी फिजिक्सचा पेपर असा निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलालाच ६८६ मिळाले, आणि ज्याला सहाशे पडले त्याच्या घरी पेढे वाटले गेले. म्हणजे २०२४ ला सहाशे मिळवून रडलेल्या मुलानं वर्षभर खोलीत कोंडून घेतलं, पुढच्या मे महिन्यात त्याचे पन्नास गुण कमी झाले, आणि त्याला ॲडमिशन मिळाली, हे सहज घडू शकत होतं. त्याच्या घरी या घटनेचा अन्वयार्थ ‘मेहनतीचं फळ’ असा लावला जाणार. मला त्यात दिसतं ते एवढंच की निर्णायक ठरला तो अनोळखी पेपर समोर आल्यावर तीन तास न बिथरण्याचा गुण. हा गुण बत्तीस धडे तेविसाव्यांदा वाचून येत नाही. बिथरणारी माणसं आणि न बिथरणारी माणसं जिथं रोज पाहायला मिळतात, तिथं तो थोडाफार अंगी लागतो.

शिवाय चौदा तास हा आकडा मोजतात कसा, हेही पाहिलं पाहिजे. अभ्यासिका नावाची जी संस्था आता तालुक्यातालुक्यात पोचली आहे, तिथं महिन्याच्या भाड्यानं खुर्ची मिळते. प्लायवूडच्या फळ्या ठोकून केलेले कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक छोटी ट्यूब, एक प्लग, बॅग अडकवायला एक खिळा. एसीवाला भाग वेगळा, त्याचं भाडं जास्त. फळीवर आधीच्या भाडेकरूनं चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या तशाच असतात, एकीवर क्रेब्स सायकल, दुसरीवर ‘एम्स दिल्ली’ आणि त्याखाली तीन उद्गारचिन्हं. दुपारी चार वाजता इथं पूर्ण शांतता असते, आणि त्या शांततेचं एक महत्त्वाचं कारण असं की निम्मी मुलं ऑरगॅनिक केमिस्ट्रीवर डोकं ठेवून झोपलेली असतात. जागी असलेली मुलं रेघा मारत असतात. पहिल्या वर्षी पिवळ्या हायलायटरनं मारलेल्या असतात, रिपीटला गुलाबी. दुसऱ्या रिपीटपर्यंत पानावर रेघ न मारलेली ओळ शोधावी लागते, आणि ती सापडली की हीच येणार म्हणून तीही हिरवी केली जाते. संध्याकाळी घरी फोन होतो, “किती झाला?” “आज तेरा तास.” हे तेरा तास खुर्चीचे असतात.

खुर्चीचे तास आणि डोक्याचे तास वेगळे असतात हे सांगायला फार मोठ्या शास्त्राची गरज नाही, पण शास्त्र आहे. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ साली स्वतःलाच अर्थहीन अक्षरं पाठ करायला लावून विसरण्याचा वेग मोजला आणि एका दमात घोकण्यापेक्षा मधे अंतर सोडून केलेली उजळणी जास्त टिकते हे दाखवलं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एका गटानं उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा मिटून आठवणारे पुढे गेले होते. रिपीटरची गोची इथंच आहे. त्याला रोज संध्याकाळी सगळं येत असतं, आणि परीक्षा मे महिन्यात असते. लातूर पॅटर्नचं खरं बळ चाचण्यांत होतं, हे त्यामुळे बरोबरच जुळतं. चाचणी द्या, चुका काढा, मधे दिवस जाऊ द्या, पुन्हा द्या, रात्री झोपा. पण आपण त्या पॅटर्नमधली चाचणी ठेवली आणि मधल्या रिकाम्या जागेत बसून राहणं भरलं. मी त्या रिकाम्या जागेतल्या फक्त दोन सकाळी मागतो आहे.

त्या सकाळी कुठं घालवायच्या, तर जिथं कुणाला विशेष काही शिकवायचं नसतं अशा ठिकाणी. अठरा वर्षांच्या मुलाला कुणी सुई हातात देणार नाही आणि देऊही नये. पण तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात केसपेपरची खिडकी असते, तिच्यासमोर लिहिता-वाचता न येणारी माणसं उभी असतात, आणि नाव-गाव सांगायला, कुठल्या नंबरच्या खोलीत जायचं ते दाखवायला तिथं माणूस कधीच पुरेसा नसतो. वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून तिथं उभं राहता येतं. एवढ्यावरही त्या मुलाला जे कळेल ते बत्तीस धड्यांत नाही. वय विचारलं की आजीबाई म्हणतात, “लिही की साठ-सत्तर.” काय होतंय विचारलं की आधी सुनेचं सांगतात, मग गुडघ्याचं. कुठली गोळी चालू आहे म्हटलं की “ती लाल, अर्धी.” मग पदराच्या गाठीतून सोडवून रिकामी पट्टी काढतात, आणि नाव छापलेला कोपरा नेमका आधीच कापून टाकलेला असतो. नीटमध्ये प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात आणि त्यातला एक नक्की बरोबर असतो. इथं पर्याय कुणी देत नाही, प्रश्नही धड सांगत नाही. ज्याला पुढची चाळीस वर्षं याच खिडकीच्या आतल्या बाजूला बसायचं आहे, त्यानं एक वर्ष बाहेरच्या बाजूला उभं राहून पाहिलं तर बिघडत नाही.

यावर पहिली हरकत वडिलांची असते आणि ती रास्त आहे. एका गुणाला हजारो मुलं, बावीस लाखांवर परीक्षार्थी, एमबीबीएसच्या जागा साधारण सव्वा लाख, त्यात सरकारी निम्म्याच्या आसपास. अशा वेळी आठवड्याचे सहा-सात तास फुकट घालवायचे? याचं उत्तर वर आलं आहे, पण वडिलांना ते पटणार नाही, कारण त्यांचा प्रश्न वेळेचा नसून दिसण्याचा आहे. मुलगा खुर्चीवर दिसला की पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. याच घरात रिपीटच्या नावाखाली गणपतीत आरतीला पाच मिनिटं यायला बंदी असते, सख्ख्या मावशीच्या लग्नाला मुलगा जात नाही, आणि त्याच मुलाच्या मोबाइलच्या बॅटरीचा आलेख कुणी पाहत नाही. दुसरी हरकत, “टॉपरनं असं केलं होतं का?” टॉपरनं काय केलं हे ठरवणं अवघड आहे, कारण एकच टॉपर कधी कधी दोन-तीन क्लासच्या फ्लेक्सवर सारखाच हसत असतो आणि प्रत्येक फ्लेक्सवर तो त्यांचाच नियमित विद्यार्थी असतो. अशा जाहिरातींना आळा घालायला केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली, यावरून त्या हास्यावर किती विसंबायचं ते कळतं.

तिसरी हरकत आईची असते आणि ती दबक्या आवाजात येते. “दवाखान्यातलं ते सगळं बघून त्याचं मनच उडालं तर?” सगळ्या चर्चेत हा एवढाच एक प्रश्न खरा आहे. तेव्हा उत्तरही सरळ देतो: उडालं तर उडू द्यावं. रक्त, लघवीच्या बाटल्या, ओरडणारे नातेवाईक आणि कुणाचंही न ऐकणारा म्हातारा हे बघून ज्याचं मन उडतं त्याला ते अठराव्या वर्षी उडणं स्वस्त पडतं. खासगी कॉलेजात तिसऱ्या वर्षाला उडालं तर मधल्या काळात घरच्या जमिनीचा एखादा तुकडाही उडालेला असतो. आणि मन उडण्याची एवढी धास्ती असेल, तर ते बसलं होतं कशावर, हे विचारायला हवं.

हा प्रश्न आपल्याकडे कधीच कुणी विचारला नाही असं नाही. १८८३ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला तिथल्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई जोशी भाषणाला उभ्या राहिल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्याही झाल्या नव्हत्या. म्हणजे नेमक्या रिपीटरच्या वयाच्या. आपण वैद्यकी शिकायला अमेरिकेला का जाणार, इथं राहून का नाही, एकट्या का, जात आणि धर्म सांभाळणार का, याची उत्तरं त्यांनी भरसभेत दिली. कुणी म्हणेल, त्यांच्याही मागे त्यांचे पती गोपाळराव होतेच, आणि गोपाळरावांचा आग्रह बघता आजचे रिपीटरचे वडील म्हणजे अगदीच मवाळ. हे खरं आहे. पण आग्रह करणारा मागे असतानाही त्या मुलीला ‘का’ हे स्वतःच्या तोंडानं सांगावं लागलं आणि ते ऐकणारी माणसं समोर बसली होती. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, त्या फिलाडेल्फियाहून एम.डी. होऊन बाहेर पडल्या. आजच्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा ‘का’ विचारलं जातं ते ॲडमिशन झाल्यानंतर, वर्तमानपत्राच्या बातमीदाराकडून. तोपर्यंत क्लासनं त्याला ‘गोरगरिबांची सेवा’ हे उत्तर पाठ करून दिलेलं असतं.

बरं, वैद्यकीय शिक्षण चालवणाऱ्यांनाही हे कळलेलं आहे, फक्त उशिरा. २०१९ पासून एमबीबीएसच्या सुरुवातीला फाउंडेशन कोर्स असतो. प्रथमोपचार, स्थानिक भाषा, माणसांशी बोलायचं कसं, आरोग्य केंद्राला भेट, असं बरंच काही त्यात येतं. रुग्णाशी वागण्या-बोलण्यासाठी तर वेगळा अभ्यासक्रमच आहे. अलीकडे त्यात कुटुंब दत्तक योजनेची भर पडली आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना खेड्यावर नेतात, प्रत्येकाला काही कुटुंबं नेमून देतात आणि त्या कुटुंबांच्या आरोग्याकडे पुढची काही वर्षं लक्ष ठेवायला सांगतात. कल्पना उत्तम आहे. पण या मुलाच्या बाजूनं विचार करा. गेली तीन वर्षं ज्याला स्वतःच्या घरात पाणी भरू दिलेलं नाही, पाहुणे आले की ज्याला आतल्या खोलीत ढकललेलं आहे, त्याला अचानक चार-पाच घरं दत्तक दिली जातात. उंबऱ्यावर उभा राहून तो पहिलं वाक्य काय बोलावं याचा विचार करत असतो, आणि त्या घरातली बाई त्याच्याकडे बघून म्हणते, “बाळा, पाणी पितोस का? तोंड किती सुकलंय.” दत्तक कोण कुणाला घेतं ते तिथंच ठरतं.

एका हरकतीपुढे मात्र माझा युक्तिवाद थोडा नरम पडतो. आठवड्याच्या दोन सकाळी वगैरे हा पोट भरलेल्यांचा विचार आहे असं कुणी म्हटलं तर ते बऱ्याच अंशी बरोबर आहे. मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या शेतकरी घरातून आलेल्या कितीतरी मुलांसाठी हे वर्ष सोयाबीनच्या पट्टीवर, आईच्या दागिन्यांवर किंवा सोसायटीच्या कर्जावर चाललेलं असतं. आजारी माणूस बघायला त्यांना केसपेपरच्या खिडकीशी जायची गरज नसते. दुखणं अंगावर काढणारी माणसं त्यांनी घरातच पाहिलेली असतात, आणि म्हणूनच त्यातली काही या रांगेत उभी असतात. त्यांना मी काही सांगू नये. उलट पुण्या-नाशिकातल्या, स्वतंत्र खोली आणि एसी असलेल्या रिपीटरला त्यांच्या शेजारच्या कप्प्यात बसवावं आणि दुपारच्या डब्याला तरी एकत्र जेवू द्यावं.

राहता राहिला तो प्रश्न, जो कुठल्याच घरात निघत नाही: हे किती वर्षं चालायचं? नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही आणि आता वयाचीही नाही. ओडिशातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यानं २०२० मध्ये नीट देऊन चौसष्टाव्या वर्षी बुर्ला इथल्या सरकारी महाविद्यालयात एमबीबीएसला प्रवेश घेतला. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण आपल्याकडे या बातमीचा उपयोग एकोणीस वर्षांच्या मुलाला तिसऱ्यांदा बसवण्यासाठी केला जातो, आणि त्या गृहस्थांनी मधली चाळीसेक वर्षं नोकरी, संसार वगैरे उरकून घेतला होता हे सांगायचं राहून जातं. म्हणून दोन सकाळींच्या जोडीला माझी आणखी एक मागणी आहे. क्लासचा पहिला हप्ता भरताना त्याच पावतीच्या मागे दोन गोष्टी लिहाव्यात. हा कितवा आणि शेवटचा प्रयत्न, आणि यानंतर जागा नाही मिळाली तर बीएएमएस, फार्मसी, नर्सिंग, बी.एस्सी. की आणखी काही. लिहायचं मुलानं, सही वडिलांनी करायची, आणि एक झेरॉक्स मामाला पाठवायची. पुढच्या मे महिन्यात, त्या रविवारी रात्री, उत्तरसूची आल्यावर मामाचा फोन मुलानंच घ्यायचा.